जपानचा नीलकंठ

शाळा सोडल्याच्या दाखल्याचें महत्त्व शिक्षकाइतकें दुसऱ्या कोणास क्वचितच कळत असेल. एका शाळेच्या पटावरून नांव कमी झाल्याखेरीज दुसऱ्या शाळेच्या पटावर तें चढत नसे. नेर येथें शिक्षकाचें काम करीत असतां असे शेंकडों दाखले मीं स्वहस्तें लिहिले, आणि दाखला हातीं पडतांच डोळ्यांत पाणी आलेलीं मुलेंहि पाहिलीं. राष्ट्रांचा व्यवहार याहून फारसा निराळा नाहीं. आज ज्या खेळाडूची हकीकत सांगावयाची आहे, त्यानें फुटबॉलच्या एका खेळापायीं आपल्या जन्मभूमीच्या पटावरून स्वतःचें नांव कमी करून घेतलें.

त्याचें नांव अराता इझुमी. ३१ जुलै १९८२ रोजीं जपानच्या यामागुची प्रांतांत त्याचा जन्म झाला. आई जपानी व वडील गुजराती.

जपानी खेळाडूनें परदेशीं जाऊन खेळावें यांत आज नवल राहिलेलें नाहीं. यासुहिको ओकुदेरा १९७७ सालीं जर्मनींतील कोलोनच्या संघांत गेला आणि त्याच हंगामांत त्या संघानें राष्ट्रीय साखळी व चषक हीं दोन्हीं जिंकलीं. १९९८ सालीं हिदेतोशी नाकाता इटलींत पेरुजा येथें गेला. परंतु हे सर्व अधिक मोठ्या मैदानाकडे गेले. इझुमी मात्र उलट्या दिशेनें चालला. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत भारतानें जपानला २-० असें हरवून पुढें सुवर्णपदक मिळविलें होतें, हें आज कोणास खरें वाटणार नाहीं. अवघ्या सहा वर्षांनीं, मेक्सिको येथील ऑलिंपिकमध्यें, जपानच्या गळ्यांत कांस्यपदक पडलें. आणि भारताचा फुटबॉल संघ १९६० नंतर ऑलिंपिकमध्यें पुन्हां दिसलाच नाहीं. अशा मागें पडलेल्या देशांत हा तरुण आला.

सिंगापुरांत खेळून २००६ सालीं तो कलकत्त्याच्या ईस्ट बंगालमध्यें दाखल झाला. दुसऱ्या वर्षीं मुंबईच्या महिंद्र युनायटेडनें त्यास घेतलें, आणि २००९ पासून तो पुणे एफ. सी. चा झाला. बालेवाडीच्या मैदानावर मधल्या फळींत खेळणारा हा जपानी गृहस्थ पुणेकरांना इतका आपला वाटूं लागला कीं त्याची गणना परदेशीयांत होते, याचाच त्यांना विसर पडावा.

नियमांना मात्र तो विसर पडत नव्हता. वडील भारतीय असून उपयोग नव्हता. २००८ सालीं सरकारनें ठरविलें कीं ज्याच्यापाशीं भारतीय पासपोर्ट आहे त्यासच देशाकडून खेळतां येईल. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. तेव्हां एक सोडल्याविना दुसरें मिळणें नाहीं. इझुमीनें जपानी नागरिकत्व सोडलें, २०१२ सालीं तो भारताचा नागरिक झाला, आणि नीलकंठ खंभोलजा हें नांव त्यानें धारण केलें. कोणी म्हणेल, यांत क्लबचा लाभ होता. परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांपैकीं एक मोकळी झाली. लाभ झाला खरा. पण जपानच्या पासपोर्टास जगाचे किती दरवाजे विनासायास उघडतात, हें ज्यानें व्हिसासाठीं हेलपाटे घातले आहेत त्यास विचारावें. तो सोडणारा मनुष्य हिशेबी असेल असें मला तरी वाटत नाहीं.

६ फेब्रुवारी २०१३ रोजीं कोची येथें पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून प्रथम उतरला. वय तीस वर्षें, म्हणजे फुटबॉलपटूची दुपार कलतां कलतां. भारत २-४ असा हरला. त्याच हंगामांत पुणे एफ. सी. नें मात्र राष्ट्रीय साखळींत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरें स्थान मिळविलें.

पुढची कथा सांगतांना मन खिन्न होतें. महिंद्र युनायटेड २०१० सालींच मोडला होता. २०१५ सालीं पुणे एफ. सी. हि मैदानांतून गेला. त्या वर्षीं इझुमी कलकत्त्याच्या अॅटलेटिकोकडून खेळला. २०१६ सालीं एफ. सी. पुणे सिटीसाठीं तो पुन्हां बालेवाडीस परतला, पण २०१९ सालीं तो संघहि पुण्यांतून उठला. महाराष्ट्रांतील ज्या तीन संघांसाठीं त्यानें घाम गाळला, त्यांपैकीं एकहि आज उभा नाहीं. शाळाच बंद पडल्या. जुना विद्यार्थी कोणत्या दारीं जाणार?

२०१७ सालीं तो केरळ ब्लास्टर्समध्यें गेला. म्हणजे पुन्हां त्याच कोचीला, जेथें त्यानें भारताचा निळा सदरा प्रथम अंगांत घातला होता.