जीर्णोद्धाराची पहिली कुदळ

कोकणात देवळाचा, मशिदीचा, चर्चचा किंवा शाळेचा जीर्णोद्धार ठरला की पहिली कुदळ मारण्याचा कार्यक्रम होतोच. कुठे नारळ फुटतो, कुठे पाद्री प्रार्थना म्हणून पवित्र जल शिंपडतात, फोटो निघतो आणि देणगीदारांची पहिली यादी वाचून दाखवली जाते. कॅथलिक पंथात नव्या चर्चच्या पायाभरणीचा विधी ठरलेला आहे. जिथे वेदी उभी राहायची तिथे आधी क्रूस रोवतात, मग कोनशिलेला आशीर्वाद देऊन ती बसवतात. नव्या इमारतीची कुदळ कुठे मारायची याबद्दल शंका नसते; जिथे पाया, तिथे कुदळ. जुन्या इमारतीला मात्र पाया आधीच असतो. मग जीर्णोद्धाराची पहिली कुदळ नेमकी कुठे मारायची?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर चुकले तर काय होते हे रत्नागिरीहून दक्षिणेला काही तासांच्या अंतरावर, जुन्या गोव्यात, आजही उघड्या डोळ्यांनी पाहता येते. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव जिथे आहे त्या बॉम जेझूस बासिलिकेच्या भिंतींवर ते उत्तर लिहिलेले आहे. आपल्या जिल्ह्यातले कॅथलिक २००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतात. तरी गोव्याच्या या चर्चशी आपले नाते केवळ श्रद्धेचे नाही. ते दगडाचेही आहे आणि पावसाचेही.

जांभा आणि चुना

जांभा आपल्याला शिकवावा लागत नाही. आपली घरे, गडगे, विहिरी, शाळा याच चिऱ्याच्या. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटेराइट' असे नाव दिले. 'लेटर' म्हणजे लॅटिनमध्ये वीट. नाव नेमके आहे. खाणीत असताना हा दगड विटेसारखा कापता येतो आणि बाहेर काढून वाऱ्यावर ठेवला की त्यातल्या लोहामुळे घट्ट होत जातो.

पण जांभ्याला छिद्रे असतात आणि त्या छिद्रांत मऊ माती असते. पाऊस थेट लागत राहिला की ती माती धुपते, छिद्रे मोठी होतात, त्यांत शेवाळ आणि झाडांची मुळे शिरतात. एका पावसाळ्यात काही बिघडत नाही. मात्र आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. असे पन्नास-साठ पावसाळे उघड्या भिंतीने अंगावर घेतले की चिऱ्याच्या कडा झिजतात आणि दगड आतून पोखरत जातो.

यावरचा जुना उपाय चुन्याचा होता. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत, तो पाण्यात मुरवत, वाळूबरोबर घाणीत मळत. चिकटपणासाठी गूळ किंवा हिरड्याचे पाणी घालण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. चुन्याचा गिलावा पाऊस बाहेर अडवतो आणि भिंतीत शिरलेली ओल हळूहळू बाहेर जाऊ देतो. तो स्वतः झिजतो, पण दगडाला झिजू देत नाही. म्हणून तो काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो आणि वरचा सफेदा तर नेहमीच द्यावा लागतो. गोव्याची चर्चे पांढरीशुभ्र दिसतात ती या कामामुळे. तो पांढरा रंग म्हणजे इमारतीची छत्री आहे.

गिलावा उतरवला तेव्हा

बॉम जेझूसची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या हस्ते ते चर्च उपासनेला खुले झाले. भिंती जांभ्याच्या, दर्शनी भागातले खांब, चौकटी आणि नक्षीकाम काळ्या बेसाल्टचे. जांभ्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही, म्हणून हा काळा दगड वसईहून समुद्रमार्गे आणला असे सांगतात. म्हणजे ते दगड लादलेली गलबते आपल्या रत्नदुर्गासमोरूनच दक्षिणेला गेली असणार.

या चर्चने पुढे बरेच काही पाहिले. १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने जेझुइटांना आपल्या मुलखातून हद्दपार केले. रोगराईने जुने गोवे ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. १८६२ मध्ये चर्चच्या भिंतीला बाहेरून दगडी कमानींचे टेकू द्यावे लागले. तरी इमारत उभी राहिली, कारण तिथली उपासना थांबली नाही आणि झेवियरच्या दर्शनाला येणारे लोक थांबले नाहीत.

खरा घाव बसला तो जीर्णोद्धाराच्या नावाने. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. १९५२ मध्ये त्या घटनेला ४०० वर्षे होत होती आणि मोठे शवप्रदर्शन व्हायचे होते. त्या सुमारास पोर्तुगालचे बाल्ताझार कास्त्रो हे वास्तुतज्ज्ञ जुन्या गोव्यातल्या स्मारकांच्या कामासाठी आले. मायदेशातल्या जुन्या चर्चांवरचे नंतरचे थर काढून मूळचा दगड उघडा करायचा, वास्तू प्राचीन दिसली पाहिजे, ही तिथल्या स्मारक खात्याची त्या काळची रीत होती. तीच रीत बॉम जेझूसला लावली गेली. बाहेरचा चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि आतला लाल जांभा उघडा पडला.

उत्तर पोर्तुगालची जुनी चर्चे ग्रॅनाइटची आहेत. ग्रॅनाइट उघडा राहिला तर फारसे बिघडत नाही. जांभ्याचे तसे नाही, आणि पोर्तुगालचा पाऊस म्हणजे कोकणातला आषाढ नव्हे. शिवाय त्या वेळी राजकारणही होते. भारत स्वतंत्र झाला होता, गोव्याचा प्रश्न तापत होता आणि १९५१ मध्ये सालाझार राजवटीने वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली होती. आपली सत्ता इथे किती जुनी आहे हे दाखवायला जुनाट दिसणारी इमारत सोयीची होती. वास्तुविशारद आणि अभ्यासक विश्वेश कांदोळकर यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला आहे आणि गिलावा पुन्हा द्यावा ही बाजू त्यांनी सातत्याने मांडली आहे.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. बासिलिका राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आली आणि १९८६ मध्ये गोव्याची चर्चे व मठ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. गिलावा मात्र परत आला नाही. २०२० च्या सुमारास बासिलिकेच्या रेक्टरांना छताची गळती आणि भिंतींची झीज यांबद्दल जाहीरपणे बोलावे लागले.

पुन्हा गिलावा द्यावा की नाही यावर आज मतभेद आहेत आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. सत्तर वर्षे उघड्या राहिलेल्या दगडात ओल आणि क्षार मुरले आहेत. घाईने थर चढवला तर तो सोलून निघेल आणि सोबत दगडाचा पापुद्रा घेऊन जाईल. वारसा यादीत इमारत गेली तीही याच लाल रूपात. दोन-तीन पिढ्यांनी ती लालच पाहिली आहे. टपाल तिकिटापासून पर्यटनाच्या जाहिरातीपर्यंत तेच रूप सगळीकडे आहे. म्हणजे एका दुरुस्तीने इमारतीचे संरक्षण गेले आणि तिच्याबद्दलची लोकांची आठवणही बदलली. एकदा लाल भिंत 'मूळची' वाटू लागली की पांढरी भिंत दाखवणाऱ्याला आपली बाजू सिद्ध करावी लागते.

रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल पांढरे आहे. १५६२ मध्ये सुरू झालेल्या या चर्चचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. पण उरलेल्या भिंतींवर चुना आहे. दोन्ही इमारती एकाच दिवशी, शक्यतो श्रावणात, पाहाव्यात. फरक समजावून सांगायला मार्गदर्शक लागत नाही.

निगा सुटली की

जीर्णोद्धार चुकणे ही एक गोष्ट. निगाच न राखणे ही दुसरी. तिचे उदाहरण जवळच्याच टेकडीवर आहे. ऑगस्टिनियन पंथीयांचे भव्य चर्च १६०२ मध्ये उभे राहिले. पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथ बरखास्त केल्यावर १८३५ मध्ये ते सोडून द्यावे लागले. छत शाकारणारे कोणी उरले नाही. १८४२ मध्ये आतली घुमटी कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. पहिले सात पावसाळे पुरले, पुढचे आपोआप झाले. त्या चर्चची मोठी घंटा मात्र वाचली. ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आहे आणि अजून वाजते, कारण तिथे ती वाजवणारे लोक आहेत.

मुंबईची दोन उदाहरणे

तिसरा मार्ग पाडून नवे बांधण्याचा. तो नेहमीच चुकीचा असतो असे नाही. वांद्र्याची मोत माऊली, म्हणजे माउंट मेरी, १७३८ च्या सुमारास मराठे-पोर्तुगीज युद्धाच्या काळात उद्ध्वस्त झाली, १७६१ मध्ये पुन्हा उभी राहिली आणि आजचे चर्च १९०४ चे आहे. त्याचा आराखडा शापूरजी चांदाभॉय या पारशी वास्तुविशारदाचा. मूर्ती जुनी, चर्च नवे आणि भक्तांत सगळ्या धर्मांचे लोक. तिथे सातत्य भिंतीत नसून जत्रेत आहे.

भायखळ्याचे ग्लोरिया चर्च अधिक बोलके आहे. १६३२ चे माझगावातले मूळ चर्च १९११ मध्ये पाडले गेले आणि १९१३ पर्यंत भायखळ्याला नवे, उंच मनोऱ्याचे गॉथिक धर्तीचे चर्च बांधून झाले. शंभरेक वर्षांनी तेही जुने झाले. या वेळी ते पाडले नाही. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली त्याची जतनपूर्वक दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. एकाच चर्चच्या इतिहासात दोन शतकांच्या दोन रीती दिसतात. ग्लोरिया हे कोणाचे स्मारक नसून चालते चर्च आहे. तिथे रविवारी मिस्सा होतो, लग्ने लागतात. चालती वास्तू जपता येते, तिला कुलूप लावावे लागत नाही.

कुदळ कुठे मारावी?

आता मूळ प्रश्न. कोकणातल्या जुन्या इमारतीचा शत्रू पाणी आहे, म्हणून पहिली कुदळ भिंतीला लावूच नये. ती भोवतालच्या गटारात मारावी. जोत्याला लागून साचलेली माती काढावी, पागोळ्यांचे पाणी लांब जाईल असा उतार द्यावा. मग छपराकडे जावे : फुटकी कौले, कुजलेले वासे, वाळवी, तुंबलेल्या पन्हाळी. मग भिंतीत रुजलेला पिंपळ मुळासकट काढावा. गिलाव्याची पाळी त्यानंतर येते आणि तिथे सिमेंट वापरू नये. सिमेंट भिंतीतली ओल आत कोंडते. वरून भिंत चकचकीत दिसते, आत चिरा भिजत राहतो. आणि या सगळ्याच्या आधी मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवावीत, म्हणजे काय होते ते पुढच्या पिढीला सांगता येईल.

यातले काहीही फोटोत चांगले दिसत नाही, हीच अडचण आहे. साफ केलेल्या गटारावर कोनशिला लावता येत नाही. म्हणून समित्यांचा ओढा नव्या मंडपाकडे, संगमरवरी फरशीकडे, स्लॅबकडे असतो. आपल्या जिल्ह्यात कौलारू, लाकडी खांबांची कितीतरी देवळे जीर्णोद्धारात नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी काँक्रीटची, एकमेकांसारखी दिसणारी शिखरे आली. हेतू वाईट नव्हता. गावाचे प्रेम होते आणि पैसा होता. बॉम जेझूसच्या बाबतीतही कोणी इमारत बिघडवायला निघाले नव्हते; ती सुशोभित करायला निघाले होते.

हे या स्मरणिकेत लिहिण्याचे कारण असे की तो पैसा पुष्कळदा आपलाच असतो. गावात राहणारे कमी, मुंबई-पुण्याला आणि आखातात राहणारे जास्त; गणपतीत किंवा नाताळात गावी आल्यावर समिती आपल्यासमोर पावतीपुस्तक ठेवते. ते देवळाचे असेल, चर्चचे असेल, उद्या आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीचेही असेल. देणगी जरूर द्यावी. देताना एवढेच विचारावे : पावसाचे पाणी कुठे जाणार आहे, भिंतीला चुना लागणार आहे की सिमेंट, आणि काम झाल्यावर दर वर्षी मे महिन्यात छपरावर कोण चढणार आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर पहिल्या दोघांची काळजी फारशी राहत नाही. ज्या इमारतीच्या छपरावर दर वर्षी कोणीतरी चढते, तिला सहसा जीर्णोद्धाराची गरज लागत नाही.