बदली, हमाल आणि शून्य तासांचा करार

इंग्लंडात गेल्या काही वर्षांत ‘शून्य तासांचा करार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोकरीची फार चर्चा आहे. उपाहारगृहाचा किंवा दुकानाचा मालक माणूस कामावर ठेवतो, पण आठवड्याला किती तास काम देईन हे सांगत नाही. चाळीस तासही देईल, एकही देणार नाही. भरतील तेवढ्या तासांचा पैसा. अशा करारावर तेथे अलीकडे दहा लाखांच्या आसपास माणसे राबत आहेत. नाव नवे असले तरी वस्तू नवी नव्हे. आपल्यापैकी ज्यांचे वडील किंवा आजोबा मुंबईच्या गिरणीत होते, त्यांच्या ती चांगली परिचयाची आहे. गिरणगावात तिला ‘बदली’ म्हणत.

लहान धंदेवाल्याची बाजू प्रथम मांडतो, कारण ती खोटी नाही. लग्नाच्या जेवणावळी करणारा एखादा आचारी घ्या. वैशाखात त्याला तीस वाढपी पुरत नाहीत आणि मुहूर्त संपले की तिघांनाही काम नसते. तिसांनाही बारा महिने पगार देईन म्हणेल, तर पहिल्याच चातुर्मासात त्याला कढया विकाव्या लागतील. ‘बोलावले तर या, नाहीतर घरी बसा’ असे सांगण्याखेरीज त्याला दुसरा मार्ग आहे काय? हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गोद्यांत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. त्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

जहाज केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून गोदीवाले माणसे बांधून ठेवीत नसत. रोज सकाळी फाटकापाशी गर्दी जमे. मुकादम बाहेर येई, हवी तेवढी माणसे निवडी आणि बाकीच्यांना वाटेला लावी. निवडलेल्यांनाही दिवसाची खात्री नव्हती. तासाला पाच पेन्स या दराने एक-दोन तास राबवून त्यांना परत पाठवता येई. गोदीच्या एका व्यवस्थापकानेच सरकारी समितीपुढे कबुली दिली होती की, ही माणसे सकाळी उपाशीपोटी येतात. चार वाजले की त्यांच्या अंगातले त्राण संपते आणि मिळाले तेवढे पैसे घेऊन ती आपण होऊन निघून जातात. म्हणजे ज्याला स्वस्त मजूर म्हणायचे, तो अर्ध्या ताकदीचा मजूर होता! पुढे वाफेची जहाजे आली आणि वाऱ्याची लहर पूर्वीइतकी आड येईना, तरी फाटकावरची निवड चालूच राहिली. अनिश्चितता कमी झाली, पण तिच्या आधाराने पडलेली सवय गेली नाही.

1889 च्या ऑगस्टात या मजुरांनी संप केला. बेन टिलेट, टॉम मान आणि जॉन बर्न्स हे त्यांचे पुढारी. ऑस्ट्रेलियातून मदतीचा मोठा निधी आला, कार्डिनल मॅनिंग यांनी मध्यस्थी केली आणि सुमारे पाच आठवड्यांनी तडजोड झाली. सहा पेन्सांची मागणी सर्वांच्या लक्षात राहिली. मला तिच्या शेजारची दुसरी मागणी अधिक महत्त्वाची वाटते. एकदा आत बोलावलेत की निदान चार तासांचे पैसे द्या, असे ते म्हणत होते. ही मागणी बव्हंशी मान्य झाली, तरी फाटकावरची गर्दी काही हटली नाही.

ती का हटेना याचा उलगडा विल्यम बेव्हरिज यांनी 1909 साली बेकारीवरील आपल्या ग्रंथात केला. त्यांचे म्हणणे मी माझ्या आकड्यांनी सांगतो. समजा, दहा धक्के आहेत. प्रत्येकाला एखाद्या दिवशी वीस, तर एखाद्या दिवशी साठ माणसे लागतात. अडचण नको म्हणून प्रत्येक धक्का साठ माणसे आपल्या दारात झुलवत ठेवतो. एकूण सहाशे झाले. पण दहाही धक्क्यांवर एकाच दिवशी साठांची निकड क्वचितच पडते. बहुधा चारशे माणसांत सगळ्यांचे भागते. मग वरचे दोनशे कशासाठी? केवळ दहा मुकादम एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून ते अर्धपोटी उभे आहेत. या हिशेबात लबाड कोणी नाही. प्रत्येक मालक आपल्यापुरता शहाणपणानेच वागतो, आणि त्या शहाणपणाची बेरीज मात्र दोनशे कुटुंबांची उपासमार होते.

उपाय उघड होता. माणसे एका धक्क्याची न ठेवता सगळ्या बंदराची ठेवायची. ब्रिटनमध्ये 1947 साली तशी योजना आली. नोंदलेला मजूर हजर राहिला आणि काम नसले, तरी त्याला हजेरीचा पैसा मिळू लागला. पुढच्याच वर्षी भारतात गोदी कामगारांसाठी याच धर्तीचा कायदा झाला.

मुंबईच्या गिरण्यांत मात्र गोष्ट अर्ध्यावरच अडली. तेथे अनिश्चितता मालाची तेवढीच माणसांचीही होती. कोकणातला कामगार शिमग्याला, गणपतीला, शेतीच्या हंगामाला गावी जाई. त्याचा साचा बंद पडू नये म्हणून बदली लागे. पूर्वी हा बदली जॉबरच्या मर्जीवर असे. 1935 साली गिरणीमालकांच्या संघाने कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. महिन्याच्या आरंभी कार्ड मिळायचे आणि रोज सकाळी हजर राहायचे. जॉबरची मर्जी थोडी आवरली. पण काम नसेल त्या सकाळचे पैसे कोणी देत नव्हते, आणि वर्षानुवर्षे माणूस बदलीचा बदलीच राही. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा, ही मागणी होती. त्या संपाचा शेवट आपणा सर्वांना ठाऊक आहे.

लहान व्यापाऱ्याला खरा धडा घ्यायचा असेल, तर तो गिरणीपेक्षा मसाला बाजारात सापडतो. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. शंभर दुकानांचा माल उचलायचा आणि नोकर एकाचाही नाही, अशी त्याची स्थिती होती. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. व्यापारी आणि हमाल दोघेही मंडळाकडे नोंदतात. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ पगार वाटते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी यांची तजवीज करते. पेढीवाला दिवसाला चार पोती उतरवो की चारशे, त्याला बारमाही हमाल पोसावा लागत नाही आणि हमालालाही म्हातारपणी हात पसरावे लागत नाहीत. या व्यवस्थेत दोष शिरले. माथाडीच्या नावाखाली पैसे उकळण्याचे प्रकार झाले आणि शासनालाही त्यांची दखल घ्यावी लागली. ब्रिटनची गोदी योजना तर 1989 साली रद्दच झाली. डबाबंद मालामुळे गोदीत माणसेच थोडी लागू लागली होती. तथापि, वही बिघडली म्हणून हिशेब चुकीचा ठरत नाही.

आता कोणी म्हणेल, दहा धक्क्यांचे गणित आचाऱ्यांना लागू पडत नाही. गावात दहा आचारी असले तरी मुहूर्त सर्वांचे एकच. आक्षेप बरोबर आहे. गर्दी एकाच दिवशी उसळत असेल, तर सामायिक पटाचा उपयोग थोडा. पण मग त्या गर्दीला अनिश्चित तरी कसे म्हणावे? ती पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. ज्याला तारखा ठाऊक आहेत, त्याने हंगामापुरता, ठरल्या दिवसांचा करार करावा. शून्य तासांच्या कागदाची त्याला गरजच नाही.

खरोखरच नेम नसलेले धंदे उरतात. त्यांच्याविषयी माझे मत असे आहे की, नुसते बोलावणे पाठवून माणूस येतो की नाही ते पाहायचे असेल तर खुशाल पाहावे. मात्र त्याने दुसरीकडे जाऊ नये, आपल्यासाठी मोकळे राहावे, अशी अट घालायची असेल तर त्या मोकळे राहण्याचा पैसा द्यावा. न्यूझीलंडने 2016 साली कायदा केला तो याच तत्त्वावर. ब्रिटनने 2015 साली दुसरीकडे काम न करण्याची अट निरर्थक ठरवली, आणि 2025 च्या डिसेंबरात संमत झालेल्या कायद्यात ऐनवेळी रद्द केलेल्या पाळीचा मोबदला देण्याची तरतूद केली. चार तासांच्या मागणीला तेव्हा एकशे छत्तीस वर्षे झाली होती.

आपला आचारी हे तत्त्व जाणत नाही असे मुळीच नाही. तारीख धरताना तो यजमानाकडून विसार घेतो. लग्न मोडले तर तो परत देत नाही, कारण त्या दिवसासाठी त्याने दुसरे काम नाकारलेले असते. त्याच तारखेसाठी शब्द घेतलेला वाढपी मात्र त्या दिवशी रिकाम्या हातानेच घरी राहतो.