तुलना नेमकी कशाशी? गुदाशयाच्या कर्करोगाचा इतिहास काय शिकवतो

पीएचडीच्या मुलाखतीला जाताना एका प्रश्नाची तयारी नक्की करा: "तुमचा कंट्रोल ग्रुप कोणता?" मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत काम करणारी विद्यार्थिनी आहे. पण या प्रश्नाचं वजन मला कळलं ते गुदाशयाच्या कर्करोगावरचे जुने पेपर क्रमाने वाचताना.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. तो कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत असतो, त्यामुळे सर्जनला हात फिरवायला जागाच कमी. थोड्या पेशी मागे राहिल्या की गाठ तिथेच परत उगवते. 1908 मध्ये लंडनच्या विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनी पोटातून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय काढायची शस्त्रक्रिया मांडली. तिची किंमत मोठी होती: गुदद्वार कायमचं बंद आणि पोटावर आयुष्यभर पिशवी. एवढं सोसूनही अनेकांची गाठ परत यायचीच.

मग आधी रेडिएशन देऊन बघितलं तर? 1997 मध्ये स्वीडनची मोठी ट्रायल प्रसिद्ध झाली. 1168 रुग्णांपैकी निम्म्यांची थेट सर्जरी, बाकीच्यांना आधी एका आठवड्यात पाच वेळा रेडिएशन. पाच वर्षांनी त्याच जागी गाठ परत आलेले रुग्ण 27 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर आले. जगण्याचं प्रमाणही 48 वरून 58 टक्क्यांवर गेलं.

झालं, प्रश्न सुटला? थांबा. कंट्रोल ग्रुपची सर्जरी कशी झाली होती ते बघा. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड 1982 पासून सांगत होते की गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण न फाडता अख्खं काढा, गाठ परत येणं खूप कमी होतं. स्वीडनच्या ट्रायलमध्ये ही पद्धत ठरवून वापरलेली नव्हती. म्हणजे रेडिएशन खरंच उपयोगी होतं, की जुन्या सर्जरीची उणीव भरून काढत होतं?

डच संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला. 1861 रुग्ण, दोन्ही गटांना हील्ड यांच्या पद्धतीची सर्जरी, आणि त्यासाठी सर्जनना खास प्रशिक्षण. 2001 चा निकाल असा: दोन वर्षांनी गाठ परत आलेले रुग्ण रेडिएशनशिवाय 8.2 टक्के, रेडिएशनसह 2.4 टक्के. फायदा टिकला, पण दोन वर्षांपर्यंतच्या जगण्यात फरक दिसला नाही. (स्वीडनचे आकडे पाच वर्षांचे आहेत, हे दोन वर्षांचे. थेट वजाबाकी करू नका!) रेडिएशनमुळे शौचावरचा ताबा आणि लैंगिक आरोग्य बिघडू शकतं. म्हणून आता प्रश्न झाला: ते कोणाला द्यायचं आणि कोणाला टाळायचं?

जर्मन गटाने 2004 मध्ये तिसराच प्रश्न विचारला. रेडिएशन, त्याची धार वाढवणारं फ्लुरोयुरॅसिल हे किमोचं औषध आणि सर्जरी, हे तिन्ही उपचार दोन्ही गटांना. मुख्य फरक क्रमाचा. रेडिएशन-किमो आधी दिलं तर पाच वर्षांत 6 टक्के रुग्णांची गाठ तिथे परत आली, सर्जरीनंतर दिलं तर 13 टक्के. आधी दिल्यावर दुष्परिणामही कमी. जगण्यात मात्र ठोस फरक नाही.

त्याच वर्षी साओ पावलोच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी सगळ्यांनी गृहीत धरलेल्या गोष्टीलाच हात घातला. त्यांच्या 265 रुग्णांपैकी 71 जणांमध्ये रेडिएशन-किमोनंतर गाठीचा मागमूस राहिला नव्हता. त्यांनी या रुग्णांची सर्जरी लगेच न करता वारंवार तपासणी ठेवली. हा अभ्यास रँडमाइज्ड नव्हता, त्यामुळे बरीच टीका झाली. पण "लक्ष ठेवून थांबणं" हा पर्याय आज निवडक रुग्णांसमोर गांभीर्याने ठेवला जातो. ज्याची पिशवी टळू शकते, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट!

बघा, हत्यारं तीनच होती. पुढे नेलं ते प्रश्नांनी. म्हणून पेपर हातात घेतलात की निष्कर्षावर उडी मारू नका. आधी मेथड्समध्ये जा आणि दुसऱ्या गटाला नेमकं काय मिळालं ते शोधा. कंट्रोल ग्रुप जुना झाला असेल, तर कदाचित तुमच्या पीएचडीचा विषय तिथेच दडलेला असेल.