शनिवारची कवायत आणि आपले खो-खो

आपल्यापैकी ज्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले, त्यांना शनिवारची सकाळची शाळा आठवत असेल. इतर दिवशी शाळा अकराला भरे. शनिवारी मात्र सकाळीच घंटा होई आणि बहुतेक ठिकाणी कवायतही त्याच दिवशी असे. ज्या घरी शब्बाथ काटेकोर पाळला जाई, त्या घरची आम्ही मुले शनिवारी शाळेत नसायचो. आपल्या पूर्वजांना कुलाबा जिल्ह्यात 'शनिवार तेली' हे नाव पडले, तेही याच सुटीमुळे. मुंबईत हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली काढलेली शाळा पुढे सर एली कदूरी नावाने ओळखली गेली. तिथल्या आपल्या मुलांना ही अडचण नव्हती. आम्हां गावच्या पोरांची कवायत मात्र कायम बुडाली. तरीही आम्ही अंगाने कच्चे राहिलो नाही. आमचे हातपाय घडले ते मधल्या सुटीतल्या आणि संध्याकाळच्या खेळांनी.

हे खेळ शाळेत सहजासहजी आले नव्हते. इंग्रजी अमदानीत शाळेतला व्यायाम म्हणजे पलटणीसारखी कवायत, नाहीतर क्रिकेट. बॅट, पॅड आणि मोठे मैदान गावच्या शाळेला कुठून परवडणार? देशी खेळांना पैसा लागत नव्हता, पण त्यांचे नियम गावागणिक वेगळे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम छापले. बडोद्याहूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले खेळ जगाला दाखवले. त्याच बर्लिनमध्ये तेव्हा आपल्या लोकांवर काय गुदरत होते, ते वाचकांना सांगायला नको. पुढे १९३८ साली मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. अशा संस्थांतून तयार झालेल्या शिक्षकांबरोबर गल्लीतला खेळ शाळेच्या वेळापत्रकात आला.

या खेळांचा उपयोग काय, हे आम्हांला स्वतः शिक्षक झाल्यावर कळले. लंगडीत एका पायावर तोल सांभाळून दुसऱ्याला गाठावे लागते. पोटरी आणि घोटा त्यानेच बळकट होतो. हुतूतूत एका दमात शत्रूच्या अंगणात जाऊन परत यायचे, म्हणजे छाती आणि धीर दोन्हींची परीक्षा. खो-खोत आठ गडी एकाआड एक उलट तोंडाने बसतात. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही आणि मधली रेघही ओलांडता येत नाही. म्हणून कोणाला 'खो' द्यायचा, हे पळता पळताच ठरवावे लागते. बसलेल्या गड्यालाही क्षणात उठून धावायचे असते. कवायतीत मूल हुकुमाची वाट पाहते. इथे त्याला स्वतःची अक्कल चालवावी लागते.

इस्राएलला आलो तेव्हा आम्हांला हिब्रू धड येत नव्हते. मैदानावर मात्र फार परके वाटले नाही. इथली मुले खामेश आवानीम खेळत होती. ते तर आपले सागरगोटेच. आपल्याकडे झाडाच्या बिया, इथे धातूचे चौकोनी ठोकळे. मखनायीममध्ये फेकणे, झेलणे आणि चेंडू चुकवणे मुले हसत हसत शिकत होती. नेतान्याजवळ १९५७ सालापासून विंगेट संस्था क्रीडाशिक्षक तयार करत होती. इथे चेंडू होते, जाळ्या होत्या, शिट्ट्या होत्या.

आणि इथेच आमचे चुकले. शाळेत नोकरीला लागल्यावर कितीतरी वर्षे आम्ही खो-खोचे नावही काढले नाही. ना चेंडू, ना जाळी, जमिनीवर बसून खेळायचे. लोक हसतील असे वाटे. एके दिवशी सामानाच्या खोलीची किल्ली सापडेना आणि वर्ग अंगणात उभा. तेव्हा नाइलाजाने खडूने आठ चौकोन आखले. मोरोक्कोच्या, रुमानियाच्या आणि आपल्या घरांतली मुले उलटसुलट तोंडाने बसली. गुण हिब्रूत मोजले, पण 'खो' मात्र 'खो'च राहिला. एरवी चेंडूला भिऊन भिंतीशी उभी राहणारी एक मुलगी त्या दिवशी कोणालाच सापडेना. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर आठवड्याला तो खेळ आम्ही घेतला.

आज आमच्या वयाची मंडळी एकेक करून कमी होत आहेत. घराघरात मलिदा अजून होते, कीर्तनाची आठवण अजून निघते. पण लंगडी, आट्यापाट्या, खो-खो यांचे नियम नातवंडांना कोणी सांगितले आहेत का? सिनेगॉगमध्ये भेटल्यावर हा प्रश्न आम्ही अनेकांना विचारला. बहुतेकांनी मान हलवली आणि मग अर्धा तास आपल्याच खेळांच्या गोष्टी सांगितल्या.

येत्या सुटीत नातवंडे घरी आली की त्या गोष्टी त्यांना सांगाव्यात आणि अंगणात आठ चौकोन आखावेत. आपल्याला आता धावता येणार नाही, हे खरे. पण खांबाजवळ खुर्ची टाकून पंच व्हायला काय हरकत आहे?