बाळंतवेणा आणि भुलीचे वाटप

1847 साली एडिनबर्गच्या जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणीला क्लोरोफॉर्मची भूल दिली. धर्ममार्तंड कुरकुरले. पण 1853 साली खुद्द राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी ती घेतली. राणीने केले ते पाप कसे ठरणार?

त्याच सुमारास, 1845 ते 1849 या काळात, अमेरिकेतील अलाबामात मॅरियन सिम्स नावाचा शल्यवैद्य बाळंतपणात जखमा झालेल्या गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया शिकत होता. ॲनार्का, बेट्सी, ल्यूसी ही त्यांतली तीन नावे. एकट्या ॲनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्र चालले. ईथरची भूल 1846 पासून जगजाहीर होती. या बायांना ती मिळाली नाही.

पुढे याला विद्वत्तेचा मुलामा चढला. ‘रानटी’ जातींच्या आणि कष्टकरी वर्गाच्या बाया सहज बाळंत होतात, कळा सोसवत नाहीत त्या नाजूक, सुसंस्कृत स्त्रीला, असे डॉक्टर लिहू लागले. चळवळीत आयुष्य घालवलेल्या आम्हाला हा युक्तिवाद अनोळखी नाही. ज्याच्याकडून जास्त काम घ्यायचे, त्याला कमी दुखते असे आधी ठरवायचे!

आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली. गिरण्यांतल्या बाया दिवस भरत आले तरी कामावर उभ्या असत. 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाची बाजू घेतली. 1929 साली मुंबईत आणि 1930 साली आपल्या मध्यप्रांतात कायदा झाला. रजा मिळाली, भत्ता मिळाला. त्याआधी, 1921 सालीच, कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ काढून गरीब बाळंतिणीला स्वच्छ खाट आणि शिकलेली परिचारिका दिली. हे काम थोर होते. कळांची गोष्ट मात्र कायद्यात कुठेच नव्हती.

हा जुना समज मेलेला नाही. 2016 साली व्हर्जिनिया विद्यापीठातील पाहणीत गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी निम्म्यांना काळ्या माणसाच्या शरीराविषयी, उदाहरणार्थ त्याची कातडी जाड असते, अशी एखादी तरी खोटी गोष्ट खरी वाटत होती. अमेरिकेत काळ्या बाळंतिणींना पाठीतून दिली जाणारी भूल गोऱ्यांपेक्षा कमी मिळते, आणि सिझेरियनला पूर्ण बेशुद्ध करण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त असते.

आपल्याकडे रंगाची जागा पैशाने घेतली आहे. आमची धंतोली म्हणजे दवाखान्यांची पेठ. पैसे मोजणारीला वेदनारहित प्रसूती विकत मिळू शकते. सरकारी प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियांनाच पुरत नाहीत, मग नुसत्या कळांसाठी रात्री दोन वाजता कोण उभा राहणार? तिथे धुणीभांडी करणाऱ्या बाईला एवढेच सांगतात, ‘सोस गं, तुला तर सवय आहे.’