लाखोंतून एक अँटिबॉडी निवडायची कशी?

कुत्रा चावून रक्त आलं की लसीबरोबर जखमेतही एक इंजेक्शन द्यावं लागतं. त्यात तयार अँटिबॉडी असतात. लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत त्याच रेबीजच्या विषाणूला अडवतात. या अँटिबॉडी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढतात. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, लॅबमध्ये बनवलेली एकाच प्रकारची अँटिबॉडीही मिळते. लाखोंतून हा 'एक' प्रकार निवडायचा कसा, याचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

१९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी अँटिबॉडी बनवणारी उंदराची पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडली. ही जोडपेशी वाढत राहते आणि एकच अँटिबॉडी बनवते. या शोधाचं पेटंट घेतलं गेलं नाही, त्यामुळे जगभरच्या लॅबना तो वापरता आला. १९८४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पण निवड हातानंच व्हायची. ९६ खळग्यांच्या प्लेटा घ्यायच्या, एकेका खळग्यात थेंब सोडायचा, रंग येतो का बघायचं. यात आठवडेच्या आठवडे जायचे.

१९८५ मध्ये अमेरिकेत जॉर्ज स्मिथनी जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूच्या, म्हणजे फाजच्या अंगावर हवं ते प्रथिन बसवून दाखवलं. १९९० मध्ये ग्रेगरी विंटर यांच्या गटानं तशीच अँटिबॉडी बसवली. मग काम सोपं झालं: कोट्यवधी फाज ओता, न चिकटलेले धुऊन टाका, चिकटलेले वाढवा, पुन्हा ओता. असं ठरावीक काम यंत्राच्या हातात जाणारच होतं. तसंच झालं, थेंब सोडायला आणि प्लेटा धुवायला रोबो आले.

कोरोनात वेग दिसला. कॅनडातल्या अ‍ॅबसेलेरा कंपनीनं बऱ्या झालेल्या एका रुग्णाच्या रक्तातल्या ५० लाखांहून जास्त पेशी यंत्रानं तपासल्या. त्यातून निवडलेली अँटिबॉडी सुमारे ९० दिवसांत माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचली. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत तिला तातडीची परवानगी मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये ती काढूनही घेतली, कारण तोवर विषाणूच बदलला होता.

म्हणजे यंत्र शोध लवकर लावतं. पण औषध कितीला विकायचं आणि कुठल्या दवाखान्यात ठेवायचं, हे माणसंच ठरवतात. आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हे जखमेतलं इंजेक्शन आहे का, हे आजच विचारा. कुत्रा चावल्यावर विचारत बसायला वेळ नसतो.