थट्टा कोणाची?

दिवाळी अंकात खटल्याची हकिगत कशाला, असे एखादा वाचक विचारील. फराळाच्या ताटाशेजारी न्यायाधीशाची गंभीर मुद्रा कोणाला हवी असते? पण मी सांगणार आहे तो खटला हसण्याचा आहे. आरोपी उभा होता तो लोकांना हसवल्याबद्दल. पुराव्याचे कागद वाचले जाऊ लागले की प्रेक्षक हसत, शिपाई त्यांना दटावीत, आणि पुढचे वाक्य आले की पुन्हा हशा पिके.

काळ आपल्या ध्यानात राहील असाच आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. तिला सहा आठवडे होतात न होतात तोच लंडनमध्ये, गिल्डहॉल नावाच्या जुन्या इमारतीत, १८, १९ आणि २० डिसेंबर असे लागोपाठ तीन दिवस हा खटला चालला. इकडे पेशवाई बुडत होती आणि तिकडे तिला बुडवणाऱ्यांचे सरकार एका गरीब पुस्तकविक्याच्या विनोदाने हैराण झाले होते. त्याचे नाव विल्यम होन.

खटल्याकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न पुढे ठेवतो. धर्माची थट्टा कोठवर चालते आणि देवनिंदा कोठून सुरू होते? मराठी बायबलात देवनिंदेला ‘दुर्भाषण’ असा शब्द आहे. मोठा नेमका शब्द! पण कोणते भाषण दुर्भाषण, हे ठरवायचे कोणी?

ख्रिस्ती धर्माला हसूच वर्ज्य आहे, असा पुष्कळांचा समज असतो. इतिहास तसे सांगत नाही. मध्ययुगात फ्रान्समधल्या मोठमोठ्या देवळांत नव्या वर्षाच्या सुमारास ‘मूर्खांचा सण’ होत असे. त्या दिवशी खालच्या पायरीचे सेवक वरच्यांच्या आसनावर बसत. बलवंतांना आसनावरून खाली ओढणाऱ्या आणि दीनांना वर चढवणाऱ्या देवाचे स्तोत्र मरियेच्या तोंडी आहे. हा सण म्हणजे त्या स्तोत्राचेच एका दिवसाचे नाटक. पुढे त्यात धिंगाणा शिरला. वेदीपाशी फासे खेळतात, जुन्या जोड्यांची कातडी जाळून धूप घालतात, अशी तक्रार पॅरिस विद्यापीठाच्या धर्मपंडितांनी १४४५ साली लेखी केली. त्याआधी दहा वर्षे बेसलच्या धर्मपरिषदेने सणावर बंदी घातलीच होती. जर्मन मुलखात तर ईस्टरच्या दिवशी धर्मोपदेशक व्यासपीठावरून चुटके सांगून भाविकांना हसवीत. ख्रिस्त उठला, मरण फसले, मग हसायचे नाही तर काय करायचे? १५१८ साली एका विद्वान धर्मोपदेशकाने या चालीविरुद्ध पत्र लिहिले, तेही चुटके फार हीन झाले म्हणून.

म्हणजे हसणे घरचेच होते. भांडण होते ते कोठे थांबायचे याचे. आता विल्यम होनकडे येऊ.

होन १७८० सालचा. वडील कट्टर धार्मिक. त्यांनी मुलाला वाचायला शिकवले तेच मुळी बायबलावर. पुढे मुलाने पुस्तकांचा धंदा केला, त्यात बुडाला, पुन्हा उभा राहिला, पोराबाळांचे लेंढार वाढत गेले. १८१७ साली त्याचे वय सदतीस. अंगात जुना कोट आणि घरात जुन्या पुस्तकांचे ढीग, एवढीच त्याची दौलत.

इंग्लंडची स्थितीही तेव्हा बिकट होती. १८१५ साली वॉटर्लूची लढाई जिंकली, पण सैनिक घरी आले ते बेकार होऊन. १८१६ साली उन्हाळा पडलाच नाही, पीक गेले, पाव महागला. लोक ओरडू लागले तेव्हा सरकारने चौकशीवाचून तुरुंगात डांबण्याची मुभा स्वतःला घेतली. अशा वेळी होनने दोन पेन्सांसारख्या किमतीच्या तीन पुस्तिका काढल्या. एक प्रश्नोत्तरावलीच्या चालीवर, दुसरी लितानी या सामुदायिक प्रार्थनेच्या चालीवर, आणि तिसरी अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या विश्वासांगीकाराच्या चालीवर.

पहिलीत सरकारी कृपेवर जगणारा पार्लमेंटचा सभासद शपथेवर सांगतो की, माझी सारी श्रद्धा मंत्र्यांच्या ठायी आहे. आणि मग स्वर्गातल्या पित्याऐवजी खजिन्यातल्या धन्याची प्रार्थना करतो. दुसरीत करांनी पिचलेली प्रजा राज्यकर्त्यांकडे दयेची याचना करते. तिसरीत एल्डन, कॅसलरे आणि सिडमथ या तीन मंत्र्यांना त्रैक्याच्या साच्यात बसवले होते. शब्द देवळातले, माणसे दरबारातली! प्रार्थना तोंडपाठ असलेल्या लोकांना त्यातली गंमत समजावून सांगावी लागली नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’वर पोसलेल्या मराठी वाचकालाही ती सांगावी लागू नये.

ओरड होताच होनने थोड्याच दिवसांत विक्री आपण होऊन थांबवली. तरीही मे महिन्यात त्याला पकडण्यात आले. आरोप मंत्र्यांच्या बदनामीचा नव्हता, देवनिंदेचा होता. यातली मेख ध्यानात घेतली पाहिजे. १६७६ साली न्यायमूर्ती हेल यांनी एका खटल्यात असा दंडक घालून दिला होता की, ख्रिस्ती धर्म हा इंग्लंडच्या कायद्याचाच भाग आहे. धर्माची निंदा म्हणजे राज्याच्या पायावर घाव. मंत्री लाचार आहेत असे म्हटल्याबद्दल शिक्षा मागावी, तर लोकच विचारणार, “मग नाहीत काय?” त्यापेक्षा देवाला पुढे करून आपण त्याच्या आड उभे राहणे सोयीचे.

होनजवळ वकिलाला पैसे नव्हते. तो स्वतःच उभा राहिला, आणि बरोबर घेऊन आला जुन्या पुस्तकांची गाठोडी. टेबलावर ग्रंथ रचून तो एकेक उघडू लागला. मार्टिन ल्यूथरने स्तोत्राचे विडंबन केले होते, हे पाहा. बिशप लॅटिमरने पत्त्यांच्या खेळावर धर्मोपदेश रचला, हा पाहा. कँटरबरीच्या डीन बॉइस यांनी प्रभूच्या प्रार्थनेचाच साचा घेऊन पोपची थट्टा केली, तीही पाहा. आणि मंत्रिमंडळात बसलेले कॅनिंगसाहेब? त्यांच्या ऐन उमेदीतल्या पत्रात पवित्र वचनांची विडंबने छापून आली होती. हेच कॅनिंग त्या वेळी हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते. ते सरकारी गादीवर आणि मी आरोपीच्या जागी, हा न्याय कोणता?

त्याचा मुद्दा सरळ होता. विडंबन दोन जातींचे. एकात ज्या लेखाचे विडंबन करायचे, त्यालाच हास्यास्पद करायचे असते. दुसऱ्यात तो लेख नुसते वाहन असतो. हसायचे असते ते त्यात बसवलेल्या माणसाला. माझी पुस्तके दुसऱ्या जातीची आहेत, प्रार्थनेला मी कोठेही हसलो नाही, असे त्याचे म्हणणे.

पहिल्या दिवशी तो सुमारे सहा तास बोलला. ज्यूरीने पाव तासाच्या आत ‘निर्दोष’ म्हणून सांगितले. सरकार चिडले. दुसऱ्या दिवशी खुद्द सरन्यायाधीश लॉर्ड एलेनबरो न्यायासनावर येऊन बसले. आजारी पण तापट गृहस्थ. त्यांनी ज्यूरीला स्पष्ट सांगितले की, हे पुस्तक माझ्या मते देवनिंदेचे आहे. तरीही ‘निर्दोष’. तिसऱ्या दिवशी होनला उभे राहवत नव्हते, आवाज बसला होता; तरी तो पुन्हा तासन्‌तास बोलला आणि तिसऱ्यांदा सुटला. बाहेर हजारोंचा जमाव त्याचा जयजयकार करीत होता.

तिसऱ्या दिवशीचा एक प्रसंग मला साऱ्या खटल्याहून मोठा वाटतो. खटला अथनेशियसच्या विश्वासांगीकारावरचा होता. त्या लेखाविषयी स्वतः धर्माधिकाऱ्यांनीही शंका घेतल्या आहेत, असे सांगताना होन म्हणाला की, सरन्यायाधीशांचे वडील, कार्लाइलचे बिशप, यांचेही मत असेच होते. न्यायालय स्तब्ध झाले. एलेनबरो म्हणाले, माझे वडील केव्हाच देवापुढे हिशेब द्यायला गेले आहेत. सभ्यतेला स्मरून हा विषय सोडा. आणि होनने तो त्या क्षणी सोडला.

त्याला एक हशा हमखास मिळाला असता. ज्याच्या लेखणीने तुरुंग ओढवून घेतला होता, आणि ज्याच्यासमोर त्याला शिक्षा व्हावी अशी उघड इच्छा असलेला न्यायाधीश होता, त्याने दिवंगत बापाच्या आठवणीपाशी आपण होऊन पाऊल मागे घेतले. थट्टा कोठे थांबते, याचे उत्तर हेल यांच्या दंडकात सापडले नाही; ते त्या एका क्षणाच्या मौनात सापडते.

सरकारी वकिलांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती, हे सांगितले पाहिजे. ते म्हणत होते की, मुले आणि साधी माणसे ही पुस्तके वाचतील आणि मग प्रार्थनेच्या वेळी त्यांना तीच आठवतील. मी शाळामास्तर आहे, मला यातले तथ्य कळते. एखाद्या कवितेचे विडंबन मुलांच्या ओठी बसले, की मूळ कविता शिकवताना मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. थट्टेचा धूर वाहनालाही थोडा लागतोच. आपल्या लेकराला निजताना प्रार्थना म्हणायला लावणाऱ्या आईला तो झोंबला, तर तिला मी खुळी म्हणणार नाही. मात्र तिचे दुःख वेगळे आणि तिच्या दुःखाचा झगा पांघरून उभा राहिलेला मंत्री वेगळा. ज्यूरीने हा फरक नेमका ओळखला.

सगळ्यांचेच नशीब होनसारखे नव्हते. त्याच्या एकशेवीस वर्षे आधी एडिंबरो शहरात टॉमस एकनहेड नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. देवळाजवळून मित्रांबरोबर जाताना थंडी वाजली तेव्हा तो म्हणाला म्हणे, नरकात असतो तर बरे झाले असते, निदान ऊब तरी मिळाली असती. आणखीही पुष्कळ वेडेवाकडे तो बोलला होता. धर्मशास्त्राला त्याने उघड थोतांड म्हटले होते. साक्ष दिली ती सोबत्यांनीच. त्याने पश्चात्ताप केला, दयेचा अर्ज केला. पण धर्ममंडळींनी कडक अंमलबजावणीचाच आग्रह धरला आणि ८ जानेवारी १६९७ रोजी त्या पोराला फाशी दिले. देवनिंदेसाठी ब्रिटनमध्ये दिलेली ती शेवटची फाशी.

मेकॉलेने आपल्या इंग्लंडच्या इतिहासात या प्रसंगाबद्दल लिहिले आहे की, त्या मुलाने उच्चारलेल्या कोणत्याही शब्दापेक्षा फाशीच्या खांबाभोवती धर्मोपदेशकांनी केलेल्या प्रार्थनाच अधिक देवनिंदक होत्या. हाच मेकॉले आपल्या दंडविधानाच्या १८३७ सालच्या मसुद्याचा मुख्य कर्ता. त्यात धर्म खरा की खोटा हे पाहायचे नव्हते. पाहायचे होते ते एवढेच की, बोलणाऱ्याने जाणूनबुजून दुसऱ्याच्या धर्मभावनेला जखम करण्यासाठी शब्द उच्चारला काय. १८६० साली कायदा झालेला तो ग्रंथ २०२४ सालापर्यंत आपल्यावर लागू होता. इंग्लंडलाही तिकडे यायला वेळ लागला. काय बोलला यापेक्षा कसे बोलला हे पाहावे, असे लॉर्ड कोलरिज यांनी १८८३ साली ठरवले. देवनिंदेचा जुना गुन्हा इंग्लंडात २००८ साली रद्द झाला, आणि एकनहेडच्या स्कॉटलंडात तर २०२४ साली.

कायदा गेला म्हणून प्रश्न गेला असे नाही. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाने तो कसा सोडवावा? मला वाटते, त्याच्या शुभवर्तमानातच याचे उत्तर आहे. तेथे एकाच रात्रीत आणि सकाळी दोन गोष्टी घडतात. महायाजक आपली वस्त्रे फाडून ओरडतो की, याने दुर्भाषण केले! आरोपी असतो येशू. आणि मग शिपाई त्याच आरोपीला काट्यांचा मुकुट घालून, हातात वेत देऊन, राजा म्हणून खोटे मुजरे करतात. देवनिंदेचा आरोप सत्ताधाऱ्याच्या तोंडी, आणि खरी विटंबना हात बांधलेल्या माणसाची. ज्या धर्माच्या मध्यावर हे चित्र आहे, त्याला थट्टेची पारख करायला दुसरे माप नको. हसू गादीकडे चालले आहे की बांधलेल्या हातांकडे, एवढे पाहिले म्हणजे पुष्कळ.

आणि घरातले हसू तर घर मोडत नाही, ते राहते ठेवते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. रेव्हरंड टिळकांचा तापट आणि भोळा स्वभाव, धर्मांतराच्या काळातले स्वतःचे सोवळे-ओवळे, कशालाच त्या बाईने सोडलेले नाही. त्या हसण्याने टिळकांची भक्ती तसूभरही कमी होत नाही. उलट ती चुलीपाशी येऊन बसते.

होनचे पुढे काय झाले? लोकांनी वर्गणी काढून त्याला तीन हजार पौंडांवर रक्कम दिली. त्याने मध्ययुगातल्या धार्मिक नाटकांचा, देवळांतल्या सणांचा आणि त्या मूर्खांच्या सणाचाही अभ्यास करून १८२३ साली पुस्तक लिहिले. गरिबी मात्र सुटली नाही. उतारवयात तो लंडनमधल्या एका प्रार्थनामंदिराचा सभासद झाला आणि नेमाने उपासनेला जाऊ लागला. १८४२ साली तो वारला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला चार्ल्स डिकन्स आला होता. प्रार्थनेची विटंबना केली म्हणून ज्याला सरकारने तीनदा उभे केले, तो अखेरची वर्षे प्रार्थनेच्या बाकावरच बसला. तेथे त्याला कोणी आणून बसवले नव्हते.